कंदील पर्वत

कंदील पर्वत : इराक व इराण यांच्या सीमेवरील, झॅग्रॉस पर्वतसंहतीतील एक दुर्गम पर्वतप्रदेश. हा सु. ३६° ३०' उ. अ. व ४५° पू. रे. यांच्या आसपास पसरलेला असून त्याचा पश्चिमेकडील भाग इराकमधील कुर्दिस्तान प्रदेशाच्या सुलेमानिया व अर्बिल या प्रांतांत, तर पूर्वेकडील उतार इराणच्या पश्चिम आझरबैजान प्रांतात मोडतात. तुर्कस्तानची सीमा येथून वायव्येस सु. १०० किमी. अंतरावर आहे. तीन राज्यांच्या सत्ता जेथे एकमेकींना भिडतात, परंतु त्यांपैकी एकीचाही पूर्ण अंमल जेथे क्वचितच चालला, असा हा प्रदेश आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुर्दांच्या विविध सशस्त्र संघटनांचे आश्रयस्थान म्हणून तो प्रसिद्धीस आला.

अरबी-फार्सी लिपीत या पर्वताचे नाव ‘दिवा’ या अर्थाच्या शब्दासारखेच लिहिले जाते. मराठीत रूढ झालेला कंदील हा शब्दही मूळ त्याच अरबी शब्दावरून आलेला आहे.

भूवर्णन : कंदीलची मुख्य रांग वायव्य-आग्नेय दिशेने सीमेलगत पसरली असून तिची अनेक शिखरे ३,००० मी.हून अधिक उंच आहेत. वायव्येस याच पर्वतसंहतीत हलगुर्द व चीखा दार ही सु. ३,६०० मी. उंचीची, इराकमधील सर्वोच्च शिखरे आहेत. चुनखडक व रूपांतरित खडक यांनी बनलेल्या या रांगेत खोल घळ्या, उभे कडे व असंख्य गुहा आढळतात. दक्षिण उतारावरील ओढे धाकट्या झाब नदीस मिळतात. ही नदी इराणमध्ये उगम पावून कलादिझाजवळून पिश्दरच्या मैदानात उतरते व पुढे दोकानच्या जलाशयास मिळते. उत्तर बाजूचे पाणी रवांदूझ नदीमार्गे मोठ्या झाब नदीकडे वाहते. हिवाळ्यात बर्फवृष्टी विपुल होते आणि उंचावरील खिंडी काही महिने बंद पडतात. त्यामुळे येथील लढायांनाही ऋतुमानाची मर्यादा असे. बर्फ वितळल्यावर चकमकी सुरू होत व पहिल्या हिमवर्षावाबरोबर त्या थंडावत.

खालच्या उतारांवर ओकची विरळ वने असून खोऱ्यांत अक्रोड, द्राक्षे, डाळिंब इत्यादींच्या बागा आहेत. पायथ्याशी रानिया, कलादिझा, संगसर व चोमान ही इराकमधील, तर सीमेपलीकडे पिरानशहर व सरदश्त ही इराणमधील गावे महत्त्वाची होत.

लोक व जीवन : येथील रहिवासी मुख्यतः सुन्नी पंथाचे मुसलमान कुर्द असून ते सोरानी कुर्दी बोलतात. कुर्दी ही इंडो-इराणी भाषाकुलातील भाषा आहे. शेळ्यामेंढ्या पाळणे, उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती करणे व मधमाश्या पाळणे हे परंपरागत व्यवसाय होत. मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन उंचावरील कुरणांकडे जातात व हिवाळ्यात खोऱ्यांत उतरतात. पिश्दर, बालक इ. टोळ्यांची वस्ती या परिसरात पूर्वापार आहे.

सीमा आखली गेल्यावर एकाच टोळीचे व काही वेळा एकाच कुटुंबाचे दोन भाग दोन राज्यांत विभागले गेले. तरी खिंडींतून चालणारी ये-जा थांबली नाही. फक्त जो व्यापार होता त्याला आता चोरटा व्यापार हे नाव मिळाले. चहा, सिगारेट, कापड, टायर, विजेची उपकरणे असा माल पाठीवरून वाहून सीमेपार नेणाऱ्या मजुरांना ‘कोलबर’ म्हणतात. ‘कोल’ म्हणजे पाठ किंवा खांदा व ‘बर’ म्हणजे ओझे वाहणारा. यातील दुसरे पद संस्कृत ‘भृ’ या धातूशी सजातीय आहे. इराणच्या बाजूस रोजगाराची साधने तुटपुंजी असल्याने तरुणांबरोबर वृद्धही हे काम करतात. सीमारक्षकांच्या गोळीबाराने, हिमस्खलनाने वा भूसुरुंगांवर पाय पडून त्यांपैकी अनेकांना प्राण गमवावे लागले आहेत.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : हा पर्वतपट्टा फार प्राचीन काळापासून राज्यांच्या सीमेवर आहे. कंदीलच्या वायव्येस असलेल्या केलेशिन खिंडीत इ. स. पू. नवव्या शतकाच्या अखेरीचा एक शिलास्तंभ होता. उरार्तू राज्याचे राजे इश्पुइनी व मेनुआ यांनी उभारलेल्या या स्तंभावरील लेख उरार्तियन व अ‍ॅसिरियन अशा दोन्ही भाषांत आहे. दोन सत्तांच्या मधल्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या वाटसरूंसाठी कोरलेल्या या लेखाने उरार्तियन भाषेच्या अभ्यासास मोठी मदत झाली. इ. स. पू. ७१४ मध्ये अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा सारगॉन याने या डोंगराळ मुलखातून स्वारी करून मुसासिर हे देवस्थान लुटले. त्या स्वारीच्या वृत्तांतात सैन्याला पार कराव्या लागलेल्या बिकट पर्वतांचे वर्णन आढळते.

मध्ययुगानंतर ऑटोमन व सफाविद या दोन साम्राज्यांमधील संघर्षाचे हे क्षेत्र बनले. १५१४ मधील चाल्दिरानच्या लढाईनंतर बहुसंख्य कुर्द सरदार ऑटोमनांच्या बाजूस गेले. १६३९ च्या झुहाब तहाने दोन्ही साम्राज्यांची सीमा स्थूलमानाने झॅग्रॉस पर्वतातून ठरविण्यात आली. परंतु ती रेषा नसून एक पट्टा होता व त्यात स्थानिक अमीरच प्रत्यक्ष राज्य करीत. रवांदूझचे सोरान व पिश्दर भागातून उदयास आलेले बाबान ही त्यांपैकी दोन प्रमुख घराणी होत. १७८४ मध्ये सुलेमानिया हे शहर बाबान घराण्यातील इब्राहिम पाशाने वसविले. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन सुलतानांनी केंद्रीकरणाचे धोरण स्वीकारले. १८३६ मध्ये रवांदूझचा मीर मुहम्मद शरण आला व १८५० च्या सुमारास बाबानांचीही सत्ता संपली. अमिरांचा अंमल संपला, तरी त्यांच्या जागी सुलतानाचा अंमल दृढ झाला नाही. १८४७ चा एर्झुरूमचा तह व त्यानंतरचे सीमा आयोग यांनी सीमारेषा निश्चित करण्याचे प्रयत्न केले; १९१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मोजणी करून खांब उभारण्यात आले.

नवी राज्ये व पहिले उठाव : पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य मोडले. १९२० च्या सेव्हर तहात कुर्दांच्या स्वायत्ततेची व पुढे शक्य झाल्यास स्वातंत्र्याची तरतूद होती. १९२३ च्या लोझॅन तहात तिचा उल्लेखही राहिला नाही. मोसुल प्रांताबद्दलचा तंटा राष्ट्रसंघाकडे गेला आणि १९२५ मधील त्याच्या निर्णयानुसार व १९२६ च्या तहानुसार तो प्रांत ब्रिटिशांच्या आधिपत्याखालील इराकला मिळाला. अशा रीतीने कंदीलची पश्चिम बाजू इराकमध्ये आली.

सुलेमानियाचे शेख महमूद बर्झंजी यांनी १९१९ मध्ये व पुन्हा १९२२ पासून ब्रिटिशांविरुद्ध उठाव केले. ब्रिटिशांनी ते मोडण्यासाठी विमानदळाचा वापर केला. डोंगरात पायदळ पाठविण्यापेक्षा आकाशातून बाँब टाकणे स्वस्त पडते, हे त्यामागील गणित होते. शहर सोडावे लागल्यावर शेख महमूद दोकान व सुलेमानिया यांदरम्यानच्या जसाना गुहेत राहिले व १९२३ मध्ये तेथूनच त्यांचे ‘बांगी हक’ हे पत्र निघाले. पुढे १९२८ ते १९३२ या काळात न्यूझीलंडचे अभियंते ए. एम्. हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली अर्बिलपासून रवांदूझच्या घळीतून हाजी ओमरानजवळील इराणी सीमेपर्यंत रस्ता बांधण्यात आला. राज्याचे सैन्य डोंगरात पोहोचावे, हाही या रस्त्याचा एक उद्देश होता. तथापि पुढील उठावांत हा रस्ता अडवूनच बंडखोर लढत राहिले.

सीमेपलीकडे महाबाद येथे जानेवारी १९४६ मध्ये काझी मुहम्मद यांच्या अध्यक्षतेखाली कुर्दांचे प्रजासत्ताक घोषित झाले. सोव्हिएट सैन्य इराणमधून परतल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते कोसळले व मार्च १९४७ मध्ये काझींना फाशी देण्यात आली. या प्रजासत्ताकाच्या सैन्यात असलेले इराकी कुर्द नेते मुस्तफा बारझानी हे आपल्या सु. ५०० अनुयायांसह डोंगरांतून लढत-लढत सोव्हिएट संघात गेले व इराकमधील १९५८ च्या क्रांतीनंतर परतले.

बारझानींचे युद्ध : १९६१ मध्ये इराकी सरकार व बारझानी यांच्यात युद्ध सुरू झाले. ‘पेशमर्गा’ म्हणजे मृत्यूला सामोरे जाणारे, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुर्द सैनिकांनी उत्तरेकडील डोंगर ताब्यात ठेवले. मे १९६६ मध्ये रवांदूझजवळील हंद्रीन पर्वतावर इराकी सैन्याचा मोठा पराभव झाला. ११ मार्च १९७० रोजी स्वायत्ततेचा करार झाला. परंतु किर्कूकच्या तेलक्षेत्राचा प्रश्न सुटला नाही व १९७४ मध्ये युद्ध पुन्हा भडकले. २४ एप्रिल १९७४ रोजी इराकी विमानांनी कलादिझावर बाँबफेक केली, तीत शंभराहून अधिक लोक ठार झाले. सुलेमानियाचे विद्यापीठ सोडून तेथे आलेल्या विद्यार्थ्यांचा त्यांत समावेश होता.

या टप्प्यात बारझानींना इराणचे शाह व अमेरिका यांची गुप्त मदत मिळत होती. ६ मार्च १९७५ रोजी अल्जीअर्स येथे शाह व इराकचे तत्कालीन उपाध्यक्ष सद्दाम हुसेन यांच्यात समझोता झाला. शत्त-अल्-अरब नदीतील सीमेबाबत इराकने सवलत दिली व त्या बदल्यात इराणने कुर्दांची मदत थांबविली. काही आठवड्यांतच उठाव कोसळला आणि लाखाहून अधिक कुर्द सीमा ओलांडून इराणमध्ये गेले. डोंगर त्याच जागी होता व लढणारेही तेच होते, पण डोंगरामागचे दार बंद झाले होते. १९७५ च्या या घटनेने पर्वताच्या आश्रयाची मर्यादा स्पष्ट केली.

१९७५ ते १९९१ : १ जून १९७५ रोजी जलाल तालबानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुर्दिस्तान देशभक्त संघ स्थापन केला आणि पुढील वर्षापासून त्याची लहान पथके डोंगरांत परतली. कंदीलच्या परिसरातील खोऱ्यांत या संघाची, इराकी साम्यवादी पक्षाची व इराणमधील कुर्द पक्षांची ठाणी एकमेकांशेजारी वसली. हा शेजार नेहमी सलोख्याचा नव्हता. मे १९८३ मध्ये कंदीलच्या उतारावरील पश्त आशान येथे देशभक्त संघाच्या सैनिकांनी साम्यवादी पक्षाच्या तळावर हल्ला करून त्याच्या अनेक कार्यकर्त्यांना ठार केले. एकाच शत्रूपासून आश्रय घेणाऱ्यांनी एकमेकांचे रक्त सांडल्याची ही घटना कुर्द व इराकी डाव्या चळवळीच्या स्मृतीत दीर्घकाळ सलत राहिली.

या काळात इराकी सरकारने सीमेलगतचा पट्टा निर्मनुष्य करण्याचे धोरण राबविले. खेडी पाडून, झरे बुजवून व बागा तोडून रहिवाशांना सरकारी वसाहतींत हलविण्यात आले. इराण-इराक युद्धात (१९८०–८८) सीमा युद्धभूमी बनली. जुलै १९८३ मध्ये इराणने हाजी ओमरान घेतले. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी सरदश्तवर रासायनिक बाँब टाकले. १६ मार्च १९८८ रोजी दक्षिणेकडील हलबजा येथे विषारी वायूने सु. ५,००० लोक मेले. त्याच वर्षीच्या ‘अन्फाल’ मोहिमेतील बळींची संख्या मानवी हक्क संघटनांच्या अंदाजानुसार ५०,००० ते १,००,००० होती. जून १९८९ मध्ये कलादिझा शहर रहिवाशांना हलवून जमीनदोस्त करण्यात आले. युद्धकाळात पेरलेले भूसुरुंग या उतारांवर पुढेही अनेक वर्षे माणसे व जनावरे मारीत राहिले.

कुवेतच्या युद्धात इराकचा पराभव झाल्यावर ५ मार्च १९९१ रोजी रानिया येथे उठाव सुरू झाला व तो सर्व कुर्द भागांत पसरला. इराकी सैन्याने प्रतिहल्ला करताच लाखो लोक पुन्हा डोंगरांकडे पळाले. या वेळी मात्र त्यांची दैना जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. उत्तरेस विमानबंदीचे क्षेत्र घोषित झाले, ऑक्टोबर १९९१ मध्ये इराकी प्रशासन मागे हटले व मे १९९२ मध्ये कुर्द विधिमंडळाची निवडणूक झाली.

कुर्दिस्तान कामगार पक्ष : ‘पीकेके’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा पक्ष तुर्कस्तानातील कुर्दांचा होता. अब्दुल्ला ओजालान यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९७८ मध्ये दियारबाकिर प्रांतातील फिस या खेड्यात तो स्थापन झाला व १५ ऑगस्ट १९८४ रोजी त्याने सशस्त्र लढा सुरू केला. त्यापुढील चार दशकांत या संघर्षात ४०,००० हून अधिक लोक मरण पावले. तुर्कस्तान, अमेरिका व यूरोपीय संघ यांनी पक्षाला दहशतवादी संघटना ठरविले. ऑक्टोबर १९९८ मध्ये ओजालान यांना सिरिया सोडावा लागला व फेब्रुवारी १९९९ मध्ये ते नैरोबी येथे पकडले गेले. त्यानंतर पक्षाचे सैनिक तुर्कस्तानातून मोठ्या संख्येने बाहेर पडले व कंदील हे त्यांचे मुख्य केंद्र बनले. २००० च्या उत्तरार्धात तालबानींच्या संघाने त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला, परंतु तो निष्फळ ठरला.

तुर्कस्तानच्या सीमेपासूनचे अंतर, इराणी सीमेचे सान्निध्य, नैसर्गिक गुहा आणि स्थानिक कुर्द सरकारची मर्यादित शक्ती, ही कंदीलच्या निवडीची प्रमुख कारणे होत. येथे प्रशिक्षणकेंद्रे, रुग्णालये, मुद्रण व प्रक्षेपण यांच्या सोयी आणि मृत सैनिकांची दफनभूमी उभारण्यात आली. स्त्री सैनिकांची स्वतंत्र पथके हे या संघटनेचे वैशिष्ट्य होते. मुरात करायिलान, जमील बायिक इ. नेत्यांचे वास्तव्य येथे असे. इराणमधील कुर्दांसाठी लढणारा ‘पजाक’ हा संलग्न पक्ष २००४ मध्ये पुढे आला. जुलै ते सप्टेंबर २०११ मध्ये इराणी सैन्याने त्याच्याविरुद्ध या भागात मोठी मोहीम केली व ती युद्धविरामाने थांबली.

१६ डिसेंबर २००७ रोजी तुर्की विमानांनी कंदीलवर मोठा हल्ला केला. फेब्रुवारी २००८ मधील भूसेनेची मोहीम मात्र तुर्की सीमेलगतच्या भागापुरती राहिली. ती कंदीलपर्यंत पोहोचली नाही. मार्च २०१३ मध्ये ओजालान यांनी तुरुंगातून शस्त्रविरामाचे आवाहन केले व एप्रिलमध्ये करायिलान यांनी कंदील येथेच पत्रकारांना बोलावून तुर्कस्तानातून माघारीची घोषणा केली. जुलै २०१५ मध्ये ही बोलणी फिसकटली आणि हवाई हल्ले पुन्हा सुरू झाले. १ ऑगस्ट २०१५ रोजी झेरगेले या खेड्यावरील हल्ल्यात नागरिक ठार झाले. पुढील काळात वैमानिकरहित विमानांनी युद्धाचे स्वरूप पालटले. पूर्वी बर्फ, धुके व रात्र हे डोंगरातील माणसाचे मित्र होते. आकाशातून सतत चालणाऱ्या टेहळणीने तो फायदा बराच कमी केला. २०१९ पासूनच्या क्रमवार मोहिमांत तुर्की सैन्याने इराकच्या हद्दीत अनेक ठाणी उभारली.

आश्रयाची किंमत : इराकमधील कुर्द सरकारची स्थिती या काळात अवघड होती. त्याचा व्यापार व खनिज तेलाची निर्यात तुर्कस्तानवर अवलंबून होती. दुसरीकडे कुर्दांनी कुर्दांवर शस्त्र उचलावे, हे जनमताला रुचणारे नव्हते. २०१४ मध्ये इस्लामिक स्टेट या संघटनेने स्वारी केली, तेव्हा कामगार पक्षाचे सैनिक सिंजार व मखमूर येथे तिच्याविरुद्ध लढले, त्यामुळे हा पेच अधिक वाढला. मार्च २०२४ मध्ये इराकनेही या पक्षाला बंदी असलेली संघटना घोषित केले.

सर्वांत जड किंमत खेडुतांनी दिली. १९९१ नंतर आपल्या उद्ध्वस्त गावांत परतून त्यांनी घरे बांधली व बागा पुन्हा लावल्या. पण ती गावे पुन्हा हल्ल्यांच्या पट्ट्यात सापडली. काही कुटुंबे कायमची शहरांत गेली, काही उन्हाळ्यात कळपांसाठी परतत राहिली. त्यांच्यापैकी अनेकांना सैनिकांविषयी आपुलकी होती, तर अनेकांना त्यांची उपस्थिती हेच संकटाचे कारण वाटे. पुष्कळदा या दोन्ही भावना एकाच घरात नांदत.

अखेरचा टप्पा : २७ फेब्रुवारी २०२५ रोजी ओजालान यांनी पक्षाला विसर्जित होण्याचे आवाहन केले. पक्षाने १ मार्च रोजी शस्त्रविराम जाहीर केला आणि १२ मे रोजी विसर्जनाचा व सशस्त्र लढा संपविण्याचा निर्णय घोषित केला. ११ जुलै २०२५ रोजी तीस सैनिकांनी आपली शस्त्रे एका समारंभात जाळली. त्यासाठी निवडलेले स्थळ जसाना गुहेचे होते. एका शतकापूर्वी शेख महमूद जेथे आश्रयास राहिले, तेथेच हा विधी झाला. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी तुर्कस्तानातून सर्व सैनिक मागे घेत असल्याची घोषणा कंदील परिसरातूनच करण्यात आली.

कुर्दांना पर्वतांखेरीज मित्र नाही, अशी एक कुर्दी म्हण सर्वत्र ऐकू येते. कंदीलचा इतिहास तिची सत्यता व तिची अपूर्णता दोन्ही दाखवितो. या पर्वताने पराभूतांना नष्ट होऊ दिले नाही. १९७५ नंतर तालबानींच्या पथकांना आणि १९९९ नंतर ओजालान यांच्या अनुयायांना त्याने तगवून धरले. परंतु निर्णायक यश येथे कोणासही मिळाले नाही, ना बंडखोरांना ना राज्यांना. १९७० चा करार, १९९१ नंतरची स्वायत्तता व २०२५ ची घोषणा यांपैकी प्रत्येक वळण अखेर सपाटीवरील राजकारणाने घडविले. सुरुंगमुक्त कुरण, उघडी शाळा व सीमेपार उजळ माथ्याने करता येणारा व्यापार हे तेथील रहिवाशांचे प्रश्न शस्त्रे खाली ठेवल्याने आपोआप सुटत नाहीत. तथापि शस्त्रे खाली ठेवल्याखेरीज त्यांना हातही घालता येत नाही.